दुर्बिणीने पल्ला वाढत नाही

रायफलीवरची दुर्बीण दोन कामे करते. ती लक्ष्य मोठे दाखवते आणि नेमाची खूण लक्ष्याबरोबरच स्पष्ट दिसू देते. उघड्या नेमात मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लक्ष्य या तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी एकाच वेळी पाहाव्या लागतात. डोळ्याला ते पुरते जमत नाही, चाळिशीनंतर तर नाहीच. ही अडचण दुर्बीण सोडवते, आणि तिचे काम तिथेच संपते. गोळीचा वेग, तिचे खाली येणे, वाऱ्याने बाजूला सरकणे, काडतुसाकाडतुसातला फरक यांपैकी कशावरही तिचा काडीचा परिणाम होत नाही. तरीही ‘लांबून हरीण मारायचे तर मोठ्या ताकदीची दुर्बीण घ्यावी, आणि आता ती स्वस्तातही मिळते’ हा समज अमेरिकी जाहिरातींतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून फिरत फिरत खानदेशापर्यंत पोहोचला आहे.

नंदुरबार जिल्ह्यात या समजाला स्थानिक आधारही मिळतात. तापीकाठच्या शहादा-तळोदा पट्ट्यात रानडुकरे आणि नीलगायी ऊस, केळी, हरभरा यांची नासधूस करतात. वर सातपुड्यात भिल्ल-पावरांची शिकारीची जुनी परंपरा आहे. या दोहोंचा हवाला देऊन युक्तिवाद असा रचला जातो: शिकार इथे नवी नाही, पिकाचे रक्षण हा शेतकऱ्याचा हक्क आहे, दुर्बिणीमुळे गोळी नेमकी लागते, त्यामुळे जनावराचे हाल होत नाहीत, आणि असली दुर्बीण आता कोणाच्याही खिशाला परवडते. चारही विधानांत थोडेफार तथ्य आहे. म्हणूनच ती सरसकट झटकून न टाकता एकेक तपासायला हवीत.

आधी कायदा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुळात ठरावीक प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती. १९९१च्या दुरुस्तीने ती गेली. तेव्हापासून हौसेची शिकार भारतात कोणत्याही परवान्यावर करता येत नाही. काळवीट, चिंकारा आणि चौसिंगा पहिल्या अनुसूचीत आहेत. चितळ, सांबर, भेकर हेही संरक्षित आहेत. कलम ९ शिकारीला मनाई करते, आणि कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. फास लावणे, हाकून आणणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचा नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. २०२२च्या दुरुस्तीने दंड वाढवला. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड आहे. इतर बहुतेक गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हरणावर झाडलेली गोळी चुकली तरी गुन्हा घडतो. म्हणजे ‘नेमकी लागणारी’ दुर्बीण घेऊन कायद्याच्या दृष्टीने पदरात काहीच पडत नाही.

यावर पीकरक्षणाचा मुद्दा पुढे येतो, आणि तो पोकळ नाही. कायद्याचे कलम ११ तो मान्यही करते. दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी आदेशाने त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५मध्ये रानडुक्कर आणि नीलगाय यांच्याबाबत अशा परवानगीची पद्धत ठरवून दिली. पण परवानगी मिळते ती नुकसान करणाऱ्या जनावरापुरती, लेखी आणि ठरावीक मुदतीची. शिवाय मेलेले जनावर सरकारी मालमत्ता ठरते, मांस घरी नेता येत नाही. शेतकऱ्याच्या वैतागाला कायद्याने ठेवलेली ही अरुंद वाट आहे. तिच्यातून लांब पल्ल्याच्या शिकारीची हौस बाहेर काढणे म्हणजे शेतकऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून हरीण टिपणे होय.

याहून रुंद वाट बिहारला मिळाली होती. केंद्राने डिसेंबर २०१५मध्ये तिथल्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर यांना वर्षभरासाठी उपद्रवी घोषित केले. त्यानंतर जून २०१६मध्ये मोकामाच्या ताल भागात बाहेरून आलेल्या नेमबाजांनी काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. त्यावरून केंद्रीय मंत्रिमंडळातच खटका उडाला. त्या वेळचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी राज्य सरकारच्या मागणीचा आधार घेऊन निर्णयाचे समर्थन केले, तर मेनका गांधींनी जाहीर टीका केली. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती हा वेगळा प्रश्न. पण तिथेही काम नेमलेल्या माणसांनी, सरकारी आदेशाने आणि ठरावीक भागात केले होते. गावातल्या परवानाधारकाने बाजारातून दुर्बीण आणून मनाला येईल तेव्हा बार काढावा, असा तो प्रकार नव्हता.

दुसरी अडचण हत्याराची. पीकरक्षणासाठी बंदूक मागणाऱ्याला १९५९च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ ठासणीची बंदूक देऊ करते. ती अपुरी आहे असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर किमान वीस इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे साधारणपणे बारा बोअर. या दोन्ही हत्यारांच्या नळीत आटे नसतात. छऱ्यांचा बार तीस-चाळीस मीटरनंतर पसरून निकामी होतो. एकच मोठी गोळी भरली तरी पन्नास-पाऊणशे मीटरपलीकडे तिचा भरवसा नाही. अशा बंदुकीवर ६–२४×५० (६ ते २४ पट ताकदीची, ५० मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण चढवण्याला एकच अर्थ उरतो, तो म्हणजे दुकानदाराचा नफा. रायफलीचा परवाना असलेले शेतकरी जिल्ह्यात नाहीत असे नाही, पण पिकाच्या नावावर मिळणारे हत्यार सहसा रायफल नसते. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या हत्यारांची संख्या तीनवरून दोनवर आणली, त्यामुळे ‘एक पिकाला, एक घराला, एक हौसेला’ ही जुनी सोयही गेली.

रायफल असली तरी ती कोणती, हा प्रश्न राहतो. देशात सर्वसामान्य परवानाधारकाकडे जास्त करून आयुध निर्माणीची .३१५ असते. तिचे काडतूस जुन्या ऑस्ट्रियन आठ मिलिमीटर मॅन्लिखर काडतुसाच्या वंशातले आहे. गोळी जड, बोथट आणि आजच्या मानाने सुस्त, त्यामुळे ती लवकर खाली येऊ लागते. या रायफलीची जुनी लष्करी धाटणीची घडण दुर्बीण बसवण्याच्या विचाराने झालेली नाही. वरून भोके पाडून दुर्बिणीचे बूड बसवावे लागते. कारागीर कच्चा असेल, तर चार बार होईपर्यंत बूड हलते आणि नेम फिरतो. .३०३ निषिद्ध बोअरमध्ये मोडत असल्याने तो मार्ग बंदच आहे. राहते .३०-०६. लांब पल्ल्याचे समर्थक बोलतात ते तिच्याबद्दल, म्हणून पुढचा हिशेब तिच्याच आकड्यांवर करणे न्याय्य ठरेल.

.३०-०६ची १८० ग्रेन वजनाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटते. दुर्बीण २०० मीटरवर जुळवली, तर ३०० मीटरवर गोळी नेमाच्या सुमारे पाव मीटर खाली लागते आणि ४०० मीटरवर सुमारे पाऊण मीटर खाली. ही घसरण ठाऊक असेल तर दुरुस्त करता येते, आणि ‘लांब पल्ल्याच्या’ दुर्बिणींची जाहिरात याच दुरुस्तीवर चालते. पण ही दुरुस्ती अचूक अंतर माहीत असेल तरच. साडेतीनशे मीटरला चारशे समजले, तर गोळी हरणाच्या पाठीवरून जाते. उलट घडले तर पोटात किंवा पायात बसते.

वाऱ्याची दुरुस्ती मात्र दुर्बिणीत कोणी भरून देत नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाची पाने हलवणारी झुळूक, याच गोळीला ३०० मीटरवर सुमारे २० सेंटिमीटर आणि ४०० मीटरवर सुमारे ४० सेंटिमीटर बाजूला ढकलतो. मध्यम आकाराच्या हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून जो मर्मभाग होतो, त्याचा व्यास वीस-पंचवीस सेंटिमीटर. झुळकीचा अंदाज निम्म्याने चुकला तरी ४०० मीटरवर गोळी मर्मभागाच्या बाहेर. नंदुरबारच्या दक्षिणेला साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उगाच उभी नाही. या मुलखात उन्हाळ्यात वारा नसलेली दुपार विरळाच. सातपुड्याच्या घड्यांत तर नेमबाजाजवळ एक वारा, दरीच्या मध्यावर दुसरा आणि समोरच्या सोंडेवर तिसरा. दुर्बीण यांपैकी कोणताही वारा मोजत नाही.

याशिवाय रायफलीचा स्वतःचा फैलाव असतोच. साधी कारखान्यातली रायफल साध्या काडतुसांनी १०० मीटरवर पाच-सहा सेंटिमीटरच्या घेऱ्यात गोळ्या घालते. हा घेरा अंतराबरोबर वाढून ४०० मीटरवर बावीस-तेवीस सेंटिमीटर होतो. याचा अर्थ असा की, वारा शून्य, अंतर अचूक आणि हात दगडासारखा स्थिर असला, तरी हत्यारच मर्मभागाची सगळी जागा खाऊन टाकते, माणसाच्या चुकीला एक सेंटिमीटरही उरत नाही. त्यात गोळीला ४०० मीटर जायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. चाप ओढल्यावर हरणाने एक पाऊल टाकले, तर काळजावर धरलेला नेम पोटावर पडतो. पोटात गोळी लागलेले जनावर तासन् तास जगते आणि झाडीत दूर जाऊन मरते.

‘दुर्बिणीने हाल टळतात’ या विधानाचा निकाल इथे लागतो. शंभर मीटरवर ते खरे आहे. चारशे मीटरवर तीच दुर्बीण माणसाला एरवी त्याने काढलाच नसता असा बार काढायचा धीर देते, आणि हाल वाढवते. अमेरिकेत १८८७मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने स्थापन झालेला बून अँड क्रॉकेट क्लब शिकारीच्या विरोधात नाही, शिकाऱ्यांचाच आहे. लांब पल्ल्याच्या गोळीबाराबाबत त्याची भूमिका मात्र कडक आहे. लांब म्हणजे किती, याचा आकडा क्लब देत नाही. जनावराला माणसाची चाहूल लागण्याची शक्यताच उरत नाही आणि हत्यार किती दूर मारते हे पाहणे हाच हेतू उरतो, तिथे शिकार राहत नाही, असे त्याचे म्हणणे. शिकारीला कायद्याने मान्यता असलेल्या देशातले शिकारीच असे म्हणत असताना, ती बंद असलेल्या देशात लांब पल्ल्याचे कौतुक व्हावे हे विचित्र आहे.

मैदानात आणखी एक गोष्ट आहे, आणि खरे तर ती सगळ्यात गंभीर. .३०-०६ची चुकलेली गोळी तीन किलोमीटरहूनही लांब जाऊ शकते. डोंगरात समोरचा उतार तिला अडवतो. तापीकाठच्या सपाट काळ्या जमिनीत अडवायला काही नाही. मिरचीच्या तोडणीला आलेल्या बाया, उसाच्या फडातली कोपी, बांधाआड मेंढ्या बसवलेला ठेलारींचा वाडा, हे सगळे त्या तीन किलोमीटरांत येते. आणि २४ पटींच्या दुर्बिणीत १०० मीटरवर जेमतेम दीड मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. हरणाचे अंग भरून दिसते, मागचा माणूस दिसत नाही. ताकद जितकी वाढवावी तितके आजूबाजूचे जग नेमबाजाच्या डोळ्यांसमोरून नाहीसे होते.

उष्णताचित्र दाखवणाऱ्या रात्रीच्या दुर्बिणीचे गुणगान याच कारणाने फसवे आहे. तिच्यात उबदार अंग पांढरे दिसते. ते डुक्कर आहे की म्हशीचे पारडू, हे दूरवर नीट ओळखता येत नाही, आणि त्या अंगामागे काय आहे हे तर मुळीच नाही. डुकरांचे कळप बहुधा अंधार पडल्यावरच येतात आणि उसात पाच-दहा मीटरवर आले तरी दिसत नाहीत, ऐकू येतात. तिथे पल्ल्याचा प्रश्नच नसतो.

परंपरेचा दाखला देणारे तिचा नेमका कणाच विसरतात. सातपुड्यातील भिल्ल-पावरांची शिकार तीरकामठ्याची होती. तीर वीस-तीस पावलांवरूनच कामाचा. त्यामुळे सगळे कसब बाण सोडण्यात नव्हते, तर माग ओळखण्यात, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने सरकण्यात, पाणवठ्याची वेळ जाणण्यात आणि हाका कोणत्या सोंडेवरून काढायचा हे ठरवण्यात होते. १८२५मध्ये जेम्स औट्राम या कंपनीच्या अधिकाऱ्याने खानदेशात भिल्ल पलटण उभारायला घेतली. भिल्लांचा विश्वास त्याने मिळवला तो त्यांच्याबरोबर जंगलात पायी हिंडून, वाघाच्या शिकारीत त्यांच्या सोबत राहून. त्याची ती कामगिरी साम्राज्याच्या हिताची होती आणि त्या शिकारींनी खानदेशचे वाघ संपवायला हातभार लावला, हे विसरण्याचे कारण नाही. पण तीही जवळून केलेली शिकार होती, ठासणीच्या हत्यारांची. चारशे मीटरवरून, जनावराला सुगावाही न लागता गोळी घालणे ही या परंपरेची पुढची पायरी ठरत नाही. परंपरेत जे शिकावे लागे, ते न शिकण्याची ती सोय आहे. आणि परंपरा असली, तरी आजचा कायदा तिला अपवाद करत नाही.

राहिला ‘स्वस्त’चा मुद्दा. इथे कायदेशीर खरेदीदार खरोखरच अस्तित्वात आहे. टेक्सस, पेनसिल्व्हेनिया किंवा मिशिगनमध्ये स्थायिक झालेला एखादा मराठी माणूस तिथल्या राज्याचा परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, नेमून दिलेल्या संख्येत व्हाइटटेल हरणाची शिकार करू शकतो. त्यालाही जाहिरात हेच सांगते: कमी पैशात जास्त ताकद. हा सल्ला त्याच्यासाठीही चुकीचा आहे, आणि त्याची कारणे भिंगांच्या गणितात आहेत.

दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास भागिले ताकद, म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास. ३–९×४० दुर्बीण ९ पटींवर ठेवली तर तो ४.४ मिलिमीटर येतो. ६–२४×५० दुर्बीण २४ पटींवर ठेवली तर २.१. संध्याकाळच्या अंधूक प्रकाशात डोळ्याची बाहुली पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उघडते. दोन मिलिमीटरचा झोत तिला अपुरा पडतो आणि चित्र काळवंडते. हरीण झाडीतून बाहेर पडते ते नेमके याच वेळी. भर दुपारी उजेड भरपूर असतो, पण तेव्हा तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवेची लहर मोठ्या ताकदीत उकळत्या पाण्यासारखी हलताना दिसते, आणि त्यामागे हरणाची कड कुठे संपते हे सांगता येत नाही. हाताचा कंपही तितक्याच पटींनी मोठा दिसतो.

किंमत तीच ठेवून ताकद वाढवायची तर कारखाना कुठेतरी काटकसर करणारच. जास्त ताकदीच्या दुर्बिणीत भिंगे जास्त, हलणारे भाग जास्त. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे चार टक्के प्रकाश परततो. असे दहा पृष्ठभाग झाले की एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो. प्रत्येक पृष्ठावर अनेक थरांचा लेप चढवणे खर्चाचे असते, म्हणून स्वस्त दुर्बिणीत बाहेरच्या दोन काचांना चमकदार रंगाचा लेप देऊन काम भागवले जाते. दुकानातल्या दिव्याखाली हे कळत नाही. तिन्हीसांजेला बाहेर नेऊन झाडाखालच्या सावलीत रोखली की कळते. तीस मिलिमीटरची जाड नळी जास्त प्रकाश देते, हा समजही असाच. जाड नळीने मुख्यतः नेम वर-खाली करण्याची मुभा वाढते, उजेड नाही.

खुणांच्या जाळीचा प्रकार तर सरळसरळ दिशाभूल करतो. स्वस्त दुर्बिणीतील खूण सहसा दुसऱ्या नाभीप्रतलात असते. ताकद बदलली तरी तिचा आकार बदलत नाही, त्यामुळे ‘४०० यार्ड’, ‘५०० यार्ड’ म्हणून आखलेल्या रेघा एकाच ताकदीवर खऱ्या असतात, बहुधा सर्वांत मोठ्या. २४ पटींची दुर्बीण घाईत १२ वर राहिली, तर प्रत्येक रेघ दुप्पट घसरण दाखवते. हरीण समोर असताना हे भान राखणारे नेमबाज थोडेच.

म्हणून परवडणाऱ्या दुर्बिणीची निवड साधीच राहते. ल्युपोल्ड, व्होर्टेक्स, बुशनेल यांच्या ३–९×४० श्रेणीतल्या दुर्बिणी दोन-तीनशे डॉलरच्या आसपास किंवा त्याखाली मिळतात आणि अडीचशे मीटरच्या आतल्या हरणाला पुरून उरतात. सर्व पृष्ठांवर लेप, आत नायट्रोजन भरून बंद केलेली नळी, अधिक-चिन्हासारखी साधी खूण, एवढे पाहावे. उरलेले पैसे बूड आणि रिंगांवर घालावेत. स्वस्त दुर्बिणीइतकीच नेमाची वाट स्वस्त रिंगा लावतात, आणि दोष दुर्बिणीच्या माथी येतो. मग एक चाचणी घ्यावी. १०० मीटरवर रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून एक गोळी घालायची. नेमाचा बिंदू तोच धरून खूण वीस टिचक्या उजवीकडे फिरवायची आणि गोळी घालायची. मग वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली, आणि प्रत्येक वेळी एक गोळी. कागदावर चौकोन उमटायला हवा आणि शेवटची गोळी पहिल्या भोकाजवळ बसायला हवी. ती बसली नाही, तर दुर्बीण कितीही स्वच्छ दिसो, परत करावी. राहिलेल्या पैशांची काडतुसे घेऊन सराव करावा, हा सल्ला कोणतीही जाहिरात देत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही.

वीस जूलखालची .१७७ बोअरची एअर रायफल भारतात शस्त्र परवान्याविना घेता येते, आणि तिच्यावर स्वस्त दुर्बीण चढवण्याची हौस जिल्ह्यातल्या तरुणांत आहे. कागदावर नेम धरण्यापर्यंत ती ठीक. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का मागे आणि पुढे असा दुहेरी असतो, त्याने साध्या दुर्बिणीची आतली खूण काही दिवसांत सुटते. त्यासाठी बनवलेलीच दुर्बीण लागते. पण एअर रायफलीने होला किंवा तितर टिपला तर ती शिकारच झाली, परवाना लागत नसला तरीही.

मोठी ताकद म्हणजे मोठा नेम, या समजाला महाराष्ट्राकडे एक ठोस उत्तर आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. या प्रकाराच्या नियमांत रायफलीवर दुर्बीण चालत नाही. बारीक छिद्रातून नेम धरावा लागतो, आणि दहा गुणांचे वर्तुळ असते १०.४ मिलिमीटरचे. नेम श्वास, बैठक, चापावरचे बोट आणि वर्षानुवर्षांचा सराव यांतून येतो. ज्याला रायफलीची खरी आवड आहे, त्याने रायफल क्लबात नाव घालावे.

नंदुरबारच्या शेतकऱ्याने दुर्बिणीवर खर्च करायचाच असेल, तर दोन्ही डोळ्यांनी पाहायची ८×४२ घ्यावी. तिन्हीसांजेला बांधावर बसून कळप कोणत्या नाल्यातून वर येतो, किती आहेत, कोणत्या पिकात उतरतात हे तिच्यातून कळते, आणि सौर कुंपणाची तार कुठे ओढायची तेही ठरते. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशा कुंपणाला अनुदान मिळते. नुकसान झाले तर पंचनाम्यासाठी आणि भरपाईसाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात लगेच अर्ज द्यावा. उपद्रव हाताबाहेर गेला तर कलम ११ची परवानगी मागण्याचे दारही तेच. हरणासाठी मात्र या जिल्ह्यात घेण्याजोगी एकही दुर्बीण नाही, स्वस्तही नाही आणि महागही नाही. गुन्ह्यात वापरलेले आणि जप्त झालेले हत्यार कलम ३९प्रमाणे सरकारजमा होते, वर बसवलेल्या दुर्बिणीसकट.